दिवा कोणी चालू ठेवला?

बालमित्रांनो, आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. शिक्षकांच्याही चुका होतात बरं का! तुमच्या वहीत आम्ही लाल पेनाने खूण करतो. ही खूण माझी मलाच करायची आहे.

माझ्याकडे १९९६ सालची मारुती ८०० आहे. माझ्या वडिलांची. वयाने ती तुमच्यापेक्षा खूप मोठी, पण अजून टुणटुणीत. फेब्रुवारीतला रविवार होता. पाचवीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. केंद्र वाईला, आमच्या गावापासून बारा किलोमीटर. माझ्या वर्गातली चार मुलं साडेआठ वाजता आंघोळ-बिंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून अंगणात हजर. मी छपरीतल्या गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि आवाज आला, ‘टक् टक् टक् टक्’. बस्स, एवढंच!

वर पाहिलं, तर छतावरचा छोटा दिवा मिणमिणत होता. मला एकदम आठवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांचे पॅड गाडीत ठेवायला मी एका मुलाला पाठवलं होतं. झालं! मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले, “तूच रात्रभर दिवा चालू ठेवलास. तुझ्यामुळे आता सगळ्यांची परीक्षा बुडणार!”

“नाही बाई, मी दार नीट लावलं होतं,” तो म्हणाला. पण मी ऐकतेय कुठे!

शेवटी गाडीला धक्का मारायचं ठरलं. शेजारचे दोन काका आणि मुलं मागे लागली. मी किल्ली चालू केली, क्लच दाबून दुसरा गिअर टाकला, गाडीने वेग घेतल्यावर क्लच सोडला. गाडी गचका देऊन सुरू झाली. आम्ही वेळेवर पोचलो. पण तो मुलगा वाटभर खिडकीबाहेर बघत होता. वर्गात जाताना त्याने बाहीला डोळे पुसले, ते मी पाहिलं.

पेपर सुटल्यावर पुन्हा धक्का, आणि मुलांना घरी सोडून मी थेट गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या आमच्या ओळखीच्या काकांकडे गेले. म्हटलं, “नवी बॅटरी बसवा.”

काका हसले. “बाई, पोट दुखलं म्हणून कोणी पोट बदलतं का? आधी बघू तरी.”

मग ते सांगू लागले. आजारी गाडी बोलते, फक्त कान देऊन ऐकावं लागतं. भराभर ‘टक् टक् टक्’ आणि दिवे मंद, म्हणजे बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढून जोड सैल झालेला आहे. दिवे लख्ख, पण एकच मोठा ‘टक्’, म्हणजे स्टार्टर किंवा त्याच्याकडे जाणारी जाड वायर तपासायची. आणि इंजिन नेहमीसारखं गरगर फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी बिचारी निर्दोष! तिथे पेट्रोल नाहीतर ठिणगी कमी पडतेय.

आमचा आवाज पहिल्या प्रकारचा होता. टोकं स्वच्छ आणि घट्ट होती. काकांनी मीटर लावला. गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. बारा-साडेबारा किलोमीटर जाऊन-येऊन आमची १२.३ पर्यंत आली होती. इंजिन सुरू केल्यावर काटा १४.१ वर गेला. म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक होता. (गॅरेजमध्ये त्याला अजूनही डायनॅमो म्हणतात.)

“मग टाकी बरी आहे, नळही बरा आहे,” काका म्हणाले. “म्हणजे कुठेतरी गळतंय.”

गळती शोधायची रीत मला फार आवडली. इंजिन बंद, किल्ली बाहेर, दारं लावलेली. काकांनी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली आणि बॅटरी व वायर यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडला. आता बॅटरीतून निघणारा सगळा प्रवाह मीटरमधूनच जाणार. अशी साधी गाडी झोपलेली असताना मीटर शून्याजवळ असायला हवा. आमचा होता ०.६ वर!

काकांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या वाटेवर. पहिला काढला, ०.६. दुसरा, ०.६. करत करत पेटीतले सगळे फ्यूज निघाले, तरी आकडा हलेना! मी हताश झाले, पण काका खूश. “बाई, आता तर सोपं झालं. पेटीतून जातच नाही, म्हणजे कोणीतरी बॅटरीवरून थेट वायर घेतलीय.”

आणि मला माझा भाऊ आठवला! चारच दिवसांपूर्वी त्याने हौसेने गाडीत गाण्याची सिस्टीम आणि स्पीकरसाठी अँप्लिफायर बसवला होता. काकांनी त्या वायरवरचा छोटा फ्यूज उपसला. मीटर शून्याजवळ आला. अँप्लिफायर गाणी बंद केल्यावरही जागाच राहत होता. आधी गाडी रोज चालायची, त्यामुळे गळालेलं भरून निघायचं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहापासून मात्र ती जागची हलली नव्हती. काकांनी अँप्लिफायर चालू-बंद करणारी वायर किल्लीवर जोडून दिली आणि काम संपलं.

“पण मग तो दिवा?” मी विचारलं.

“बाई, तुम्ही दार उघडलंत ना? दार उघडलं की तो लागणारच! आणि रात्रभर राहिला असता तरी काय? तुम्ही गणित शिकवता, करा की.”

मी तिथेच कागद घेतला. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे १ अँपिअर घेतला तर ३५ तास पुरेल. छतावरचा असा दिवा ५ वॅटचा धरला, तर ५ भागिले १२, म्हणजे साधारण ०.४ अँपिअर. शनिवारी संध्याकाळी सहापासून रविवारी साडेआठपर्यंत साडेचौदा तास. गुणाकार केला, जवळपास ६. पस्तिसातले सहा गेले तर गाडी सहज सुरू व्हायला हवी! आणि अँप्लिफायर? शुक्रवारपासून ३८ तास, गुणिले ०.६, म्हणजे जवळपास २३. पस्तिसातले तेवीस गेले!

हे गणित पाचवीतलं मूलसुद्धा करील. मी मात्र न करताच निकाल देऊन मोकळी झाले होते.

सोमवारी मी वर्गात हे सगळं फळ्यावर मांडलं. ओरडले होते सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. तो मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “बाई, मला तो मीटर बघायला मिळेल?” येत्या रविवारी आम्ही दोघं काकांकडे जाणार आहोत.

मित्रांनो, एक सांगते. बॅटरीत आम्ल असतं आणि तिच्यातून पेट घेणारा वायूही निघतो. तेव्हा एकट्याने तिला हात लावायचा नाही, मोठी माणसं हवीतच. पण गणिताला कोणाची परवानगी लागत नाही! तर हे सोडवा: ३५ अँपिअर-तासांच्या भरलेल्या बॅटरीवर पुढचे दोन्ही दिवे चालू राहिले. प्रत्येक दिवा ६० वॅटचा. बॅटरी पूर्ण रिकामी व्हायला किती तास लागतील? उत्तर पुढच्या आठवड्यात. तोवर घरात काही बिघडलं, तर ‘कोणी केलं?’ च्या आधी ‘कसं झालं?’ एवढं विचारून बघा.

तुमच्या बाई