वरची गॅलरी

एक डॉलरच्या नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा आहे ना, तो गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेल्या चित्रावरून घेतलाय. या स्टुअर्टचा बाप्तिस्मा १७५६ साली ज्या चर्चमध्ये झाला, ते अजून उभं आहे. ऱ्होड आयलंडमधल्या विकफर्ड नावाच्या छोट्याशा गावात. मी बघायला गेले ती त्या नोटेपायीच, खोटं कशाला बोलू!

ओल्ड नॅरागॅन्सेट चर्च. १७०७ साली बांधलेलं, लाकडी, साधं, बाहेरून एखाद्या मोठ्या घरासारखं. तेव्हा ते इंग्लंडच्या चर्चचं होतं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर त्याच पंथाला एपिस्कोपल म्हणू लागले. मूळ जागा गावापासून काही मैल लांब. वस्ती विकफर्डकडे सरकली, तेव्हा १८०० साली लोकांनी अख्खी इमारतच इकडे आणून ठेवली! घर बदलताना आपल्याला कपाट जड होतं, आणि हे बघा.

आत दारं असलेले चौकोनी बाक. एकेका कुटुंबाचं जणू लाकडी कुंपणच. मी ते बघण्यात रमले होते. वरची गॅलरी नंतर दिसली. ती गुलामांना बसण्यासाठी होती.

मला वाटायचं गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतले कापसाचे मळे. पण इथल्या जमीनदारांची घोड्यांची पैदास, त्यांचं चीज, सगळं गुलामांच्या कष्टावर चालायचं. १७२१ पासून १७५७ पर्यंत इथे धर्मोपदेशक असलेले जेम्स मॅकस्पॅरन गुलामांना धर्मशिक्षण देत, आणि त्यांच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते. हॅनिबल नावाचा एक जण रात्री बाहेर गेला म्हणून त्याला फटके मारल्याची, मग त्याच्या गळ्यात लोखंड अडकवल्याची नोंद त्यांनी १७५१ च्या डायरीत स्वतःच्या हाताने केली आहे. लपवावंसं काही वाटलंच नाही त्यांना. मला तर ते मारण्याइतकंच भयंकर वाटतं.

जुन्या वास्तूंबद्दल लिहिताना आपण (मीसुद्धा, वर बघा की!) सन, चित्रकार, हलवाहलवीची गंमत यांतच रमतो आणि गुलामांना शेवटी एक वाक्य देतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा चर्चची गोष्ट वरून, गॅलरीतून सुरू करावी. खालच्यांची नावं बाप्तिस्म्याच्या वह्यांत, थडग्यांवर, नोटांच्या इतिहासात सुरक्षित आहेत. हॅनिबलचं नाव कळतं ते मार खाल्ला म्हणून.

मॅकस्पॅरन यांना जुन्या जागी चर्चमध्येच पुरलं होतं. १८०० साली चर्च हललं, त्यांची कबर मागे राहिली. गॅलरी मात्र सोबत आली.