आईवडील फडावर, मूल गावात

दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीची बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात. शाळा बुडू नये म्हणून अनेक मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. निर्णय शहाणपणाचा आहे. परंतु त्याची किंमत ते मूल महिनोन् महिने मोजत असते.

वाचकहो, या काळात मुलाचे पोट वारंवार दुखू लागले, जेवणावरची वासना उडाली, किंवा बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, तर त्याला ‘नाटकी’ म्हणू नये. प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आजार नसल्यास मुलाला बोलते करावे. ‘रडू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘आईची आठवण येते ना?’ असे विचारावे.

आईवडिलांच्या फोनची वेळ ठरलेली असावी. परतण्याची खोटी तारीख मात्र सांगू नये. हंगाम लांबला की मुलाचा विश्वास तुटतो.

मुलाला एक वही द्यावी. आज काय नवे आले, कोणाला मदत केली, कशाचे हसू आले, यांपैकी रोज एकच ओळ पुरे. आजीकडून भाकरी थापायला, आजोबांकडून शेळीची धार काढायला शिकणे हीसुद्धा कमाईच. फक्त घरकामाचा भार एकट्या मुलीवर पडू देऊ नये.

हंगाम संपून आईवडील परतले की ती वही त्याने त्यांना वाचून दाखवावी. ताटातूट सुखाची होती असे त्याला पटवायचे नाही. त्या दिवसांतही आपण काही मिळवले, हे त्याला स्वतःच्या अक्षरांत दिसावे.