राजगृह आपल्या सहलीच्या यादीत का नाही?

उर्दू शाळांच्या शैक्षणिक सहली कुठे जातात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. मुंबई-ठाण्याची शाळा असेल तर राणीची बाग, नेहरू सायन्स सेंटर, गेटवे, आणि पालकांना परवडले तर वॉटर पार्क. जरा लांबची सहल निघाली की रायगड, जंजिरा किंवा दौलताबाद-वेरूळ. यात वाईट काहीच नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत सहलीच्या एकाही बैठकीत दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी 'राजगृह' हे नाव ऐकलेले नाही. दादर पूर्वेला, स्टेशनवरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, हिंदू कॉलनीत हे घर उभे आहे. भारतीय संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी ते स्वतः बांधून घेतले. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तूंचे आणि छायाचित्रांचे संग्रहालय आहे. मी सुचवले तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, "वहाँ अपने बच्चे क्या करेंगे?"

मुलांच्या मनातही तेच आहे. सातवीच्या वर्गात मी डॉ. आंबेडकरांविषयी बोलत होतो, तेव्हा एका मुलाने अगदी निरागसपणे विचारले, "सर, वो तो उनके हैं ना?" 'उनके' म्हणजे कोणाचे, हे वर्गातल्या प्रत्येकाला कळले होते. गांधी-नेहरू सगळ्यांचे, मौलाना आझाद आपले आणि बाबासाहेब त्यांचे. अशी वाटणी बारा वर्षांच्या मुलाने स्वतः केलेली नसते, ती त्याला घरातून, मोहल्ल्यातून आणि आपल्या स्टाफरूममधून आयती मिळते. ११ नोव्हेंबरचा राष्ट्रीय शिक्षण दिन मौलाना आझादांच्या नावाचा, पण तो उर्दू शाळांबाहेर कितीसा साजरा होतो? हीसुद्धा त्याच वाटणीची दुसरी बाजू. बालभारतीच्या उर्दू पुस्तकातही सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. आमची मुले ती पाठ म्हणतात आणि ती कोणाच्या अध्यक्षतेखाली लिहिली गेली, हे परीक्षेपुरते लक्षात ठेवतात.

म्हणून माझे म्हणणे आहे की मुलांना त्या घरी न्यावे. मात्र नेताना तिथे काय सांगायचे, हे आधी ठरवून न्यावे.

लहान वर्गांसाठी हे काम सोपे आहे, कारण हे घर पुस्तकांसाठी बांधलेले घर आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उभे राहिले. त्याआधी बाबासाहेबांचे बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत होते. दोन छोट्या खोल्या आणि त्यात सगळे कुटुंब. आमच्या मुलांना ही चाळ समजावून सांगावी लागत नाही, त्यातली निम्मी आजही अशाच खोल्यांत अभ्यास करतात. त्या चाळीत राहिलेला माणूस पुढे घर बांधतो आणि घराचा आराखडा करताना आधी ग्रंथालयाचा विचार करतो, हे मुलांच्या चटकन डोक्यात शिरते. पन्नास हजारांच्या आसपास पुस्तके त्यांच्या संग्रहात होती असे सांगतात. अमेरिकेत पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके पहिल्या महायुद्धात बोटीबरोबर समुद्रात बुडाली होती, त्यानंतरचा हा संग्रह. पुढे त्यातली बरीच पुस्तके त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेच्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेली. 'चार मिनार' नावाची त्यांची दुसरी एक इमारत होती, ती त्यांना विकावी लागली. राजगृह मात्र राहिले. राजगृह हे मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव. बुद्धाचा तिथे बराच काळ मुक्काम होता. धर्मांतराच्या कितीतरी आधी घराला हे नाव दिले होते, यावर नववी-दहावीच्या मुलांशी चांगली चर्चा होऊ शकते.

उर्दू शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगताना मला नेहमी वेगळा आनंद होतो. शाळेत भीमरावांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पदवीला त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसी होते. फारसी म्हटले की आमच्या मुलांचे कान टवकारतात, कारण घरात नाना-दादांकडून गुलिस्ताँचे नाव तरी त्यांनी ऐकलेले असते. पण या गोष्टीने नुसते खूश होऊन पुढे जाऊ नये. ती भाषा त्यांनी हौसेने निवडली नव्हती. एक दार बंद झाले म्हणून ते दुसऱ्या दाराकडे वळले. पुढे संस्कृतही त्यांनी खटपट करून शिकून घेतलेच.

आता अवघड भाग.

आपल्याकडे बाबासाहेबांविषयी बोलायच्या दोन ठरीव पद्धती आहेत. पहिली पुतळ्याची: हार, भाषण, 'थोर महापुरुष होऊन गेले', टाळ्या. दुसरी आभाराची: 'त्यांनी संविधान दिले म्हणून आपण सुरक्षित आहोत'. गेल्या काही वर्षांत ही दुसरी पद्धत आपल्या सभांमधून खूप वाढली आहे. त्यामागची भावना खरी आहे. अनुच्छेद २५ ते ३० आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेले आहेत, आपली शाळासुद्धा अनुच्छेद ३० च्या आधारावर उभी आहे. तरीही या दोन्ही पद्धतींत आपण स्वतः कुठेच नसतो. जुलूम करणारे दुसरे, सोसणारे दुसरे आणि आपण फक्त लाभार्थी, असे चित्र मुलांपुढे उभे राहते. इतिहास तसा नाही.

दौलताबादचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्याशा आत्मकथनात तो आहे. १९३४ साल, रमजानचा महिना. कार्यकर्त्यांबरोबर ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते, वाटेत किल्ला पाहायला थांबले. मुलूख निजामाचा. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले, म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या छोट्या हौदावर काही जणांनी हातपाय धुतले. थोड्याच वेळात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत मागून आला, की यांनी हौद बाटवला. बघता बघता मुसलमानांचा जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. स्थानिक अस्पृश्यांनाही दरडावण्यात आले. तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का? यावर जमाव गप्प झाला. शेवटी त्यांना आत सोडले, पण आत कुठेही पाण्याला हात लावू नये म्हणून एक हत्यारी शिपाई सोबत दिला.

हा प्रसंग आठवीच्या पुढच्या प्रत्येक मुस्लिम मुलाला माहीत असला पाहिजे, आणि तो आपल्याच शिक्षकाने सांगितला पाहिजे. रोजे सुरू असलेल्या महिन्यात, ज्या पाण्याने वुजू करतात त्या पाण्यावरून हे घडले. 'इस्लाम में जात-पात नहीं' हे वाक्य आमची मुले दीनियातच्या तासाला शिकतात. तालीम म्हणून ते शंभर टक्के खरे आहे. पण दौलताबादच्या त्या हौदाशी उभ्या असलेल्या लोकांनीही ते ऐकलेलेच असणार.

यावर दोन हरकती मला ऐकाव्या लागतात. पहिली अशी, की आधीच आपली मुले दबलेली आहेत, टीव्हीवर रोज आपल्यालाच शिव्या पडतात, त्यात हे कशाला? ही हरकत मी हलकी मानत नाही. चौदा वर्षांच्या पोराला स्वतःच्या समाजाची लाज वाटायला लावणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पण हा प्रसंग लपवला तरी तो त्याच्यापर्यंत पोहोचणारच आहे. पाकिस्तानवरच्या १९४० च्या पुस्तकात बाबासाहेबांनी मुस्लिम समाजावर कडक टीका केली आहे, त्यात मुसलमानांतल्या जातींचाही हिशेब मांडला आहे. त्यातली वेचक वाक्ये तोडून आज व्हॉट्सॅपवर फिरवली जातात, आणि फिरवणाऱ्यांना ना बाबासाहेबांशी देणेघेणे ना अस्पृश्यांशी. दहावीच्या मुलाच्या मोबाइलवर ती येतातच. त्याने आधी वर्गात हे ऐकलेले असेल तर त्याच्याकडे संदर्भ असेल. नसेल तर त्याला एवढेच वाटेल, की सरांनी आपल्याला अर्धेच सांगितले.

दुसरी हरकत जास्त ठाम सुरात येते: हे सगळे जुने झाले, आता आपल्यात असे काही नाही. या हरकतीला उत्तर द्यायला मी आमच्या शाळेच्या ऑफिसची खिडकी दाखवतो. दहावीचा निकाल लागला की तिथे जातीच्या दाखल्यांसाठी रांग लागते. कोणी मोमीन, कोणी बागवान, कोणी अत्तार, कोणी पिंजारी. आपली जात कोणती, हे कित्येक मुलांना त्याच रांगेत पहिल्यांदा कळते. अब्बा दबक्या आवाजात सांगतात, मुलगी फॉर्मवर लिहिते. ओबीसी सवलतीची मुळे संविधानाच्या अनुच्छेद ३४० मध्ये आहेत, मागास वर्गांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद तिथे आहे. म्हणजे राजगृहात राहिलेल्या त्या माणसाचे काम आपल्या मुलीच्या फॉर्मवर, तिच्या बिरादरीच्या नावासह, हजर आहे. मग तो 'उनका' कसा? आणि रिश्ता जुळवताना याच बिरादऱ्यांची नावे आपण किती मोठ्याने घेतो, हे प्रत्येकाने आपल्या घरात आठवून पाहावे.

दौलताबादबरोबर महाडही जरूर सांगावे. डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेला मांडव घालायला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. आपल्याकडची मंडळी ही गोष्ट मोठ्या हौसेने सांगतात आणि दौलताबादची गाळतात. मी दोन्ही एकाच तासाला सांगतो. एकाच समाजात, सात वर्षांच्या अंतराने, पाणी अडवणारे आणि जागा देणारे दोन्ही प्रकारचे लोक होते. मुले यावर विचारतात, "सर, अपन होते तो किधर होते?" या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही, त्यांनाच लिहायला सांगतो. आलेली उत्तरे भाषण स्पर्धेतल्या भाषणांपेक्षा कितीतरी बरी असतात.

जाण्याविषयी थोडे व्यवहाराचे. ६ डिसेंबरला शाळेची मुले नेऊ नयेत. त्या दिवशी चैत्यभूमीबरोबर राजगृहावरही दर्शनाला अफाट गर्दी असते, आणि ती ज्यांची आहे त्यांच्या श्रद्धेला जागा द्यावी. जानेवारीतला एखादा साधा दिवस बघून, आधी चौकशी करून जावे. पंचवीस-तीसपेक्षा जास्त मुले नकोत. वरच्या मजल्यावर कुटुंबाचे घर आहे, दंगा चालणार नाही. ७ जुलै २०२० ला याच घराच्या आवारात घुसून कुंड्या आणि खिडकीची मोडतोड झाली होती, कॅमेऱ्याचेही नुकसान झाले होते. मोठ्या मुलांना हेही सांगावे, आणि एखाद्याच्या वाचनाच्या घरावर दगड मारावासा कोणाला वाटत असेल, हे त्यांनाच विचारावे. रमाबाई याच घरात १९३५ साली वारल्या, आणि १९५६ मध्ये दिल्लीहून बाबासाहेबांचे पार्थिव आणले तेही याच घरी. त्या खोल्यांमध्ये मुलांना पाच मिनिटे न बोलता फिरू द्यावे. शिक्षकांनीही तेवढा वेळ गप्प राहावे, जे आपल्याला जमत नाही.

ज्यांना मुंबई लांब पडते त्या मराठवाड्यातल्या शाळांसाठी तर सोय घराजवळच आहे. त्यांच्या सहली दर वर्षी दौलताबादला जातातच. मुले चाँद मिनारसमोर फोटो काढतात, तोफेवर हात ठेवतात, अंधारीत किंचाळतात, आणि गाइड यादवांपासून निजामापर्यंत सगळे सांगतो. त्या सहलीत वर चढायला सुरुवात करण्याआधी, दाराशीच, ती दोन-अडीच पाने वाचायला दहा मिनिटे लागतात. मराठी अनुवाद मिळतो. उर्दू वर्गासाठी आपण स्वतः उतरवून घ्यावे, मी घेतले आहे, कोणाला हवे असेल तर पाठवीन.