नकाशाशिवाय बांधलेले यान

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७८ साली अंतराळयानांची मालिका बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी त्यात ‘गॅलेक्सी एक्स्प्लोरर’ हे ३३८ तुकड्यांचे यान आले. निळे-करडे अंग, पिवळी पारदर्शक काच, टोकाला लाल-हिरवे दिवे. ज्या मुलांनी ते तेव्हा जोडले, ती आज पन्नाशीत आहेत आणि त्यांच्यातले अनेकजण अजूनही त्याच रंगांची, त्याच घडणीची, पण स्वतः कल्पिलेली याने बांधतात. दर सप्टेंबरात जगभरचे असे हौशी किमान १०० खुंट्या (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) लांबीचे, म्हणजे ८० सेंटिमीटरचे यान महिन्याभरात उभे करण्याचे आव्हान घेतात. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या नव्वदीनिमित्त तेच जुने यान १२५४ तुकड्यांत पुन्हा काढले. ते विकत घेऊन सोबतच्या पुस्तिकेबरहुकूम जोडणे आणि सुट्या तुकड्यांतून आपले यान आपणच रचणे, या दोन्ही गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. माझ्या मते त्या एकमेकींच्या जवळपास विरुद्ध आहेत. यातली दुसरी गोष्ट मुलांच्या वाट्याला यायला हवी. विदर्भातल्या ढाणकीसारख्या गावात ती येण्याचा रस्ता खेळण्यांच्या दुकानातून जात नाही, सार्वजनिक वाचनालयातून जातो.

हा फरक निव्वळ आवडीनिवडीचा नाही. पेज मोरो आणि मारिट एंगेसेट या दोन संशोधिकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काहींना लेगोचा संच पुस्तिकेप्रमाणे जोडायला दिला, तर काहींना तुकडे देऊन मनाला येईल ते करायला सांगितले. नंतर सर्वांना एक वेगळे, कल्पकतेचे काम दिले. पायरीपायरीने सूचना पाळणारे त्या कामात मागे पडले. इतकेच नव्हे, तर पुढचे काम निवडायची वेळ आली तेव्हा ज्यात नवे काही सुचवावे लागते अशा कामाकडे त्यांचा ओढाही कमी दिसला. याचा अर्थ सूचना पाळणे वाईट असा नाही. स्वयंपाकापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळीकडे ते यावेच लागते. परंतु आपल्या मुलांना त्याचा सराव कमी पडतो, असे कोण म्हणेल? गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, फळ्यावरचे उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवणे, प्रयोगवहीतली आकृती आधीच्या वर्षीच्या वहीवरून काढणे, यातच त्यांचे शाळेतले दिवस जातात. उणीव आहे ती उत्तर ठरलेले नसलेल्या कामाची. पुस्तिकेबरहुकूम जोडायचा महागडा संच मुलाच्या हाती दिला, तर आपण त्याला आणखी एक गाइडच दिलेले असते.

बिनपुस्तिकेचे यान बांधताना नेमके काय करावे लागते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. लेगोच्या ठोकळ्यावर दोन खुंट्यांमधले अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ आणि पातळ पट्टीची ३.२ मिलिमीटर असते. तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो, हे लहान मूलही पाच मिनिटांत ताडते. पण पाच पट्ट्यांची उंची १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन खुंट्यांची रुंदी होते, हे लक्षात यायला वेळ लागतो. ते लक्षात आले की ठोकळे आडवे फिरवून बसवता येतात, यानाची बाजू गुळगुळीत होते, नाक निमुळते करता येते. लसावि नावाची जी गोष्ट पाठ करून विसरली जाते, ती इथे हातात येते. मग पंख लांब केला की तो वाकतो, कारण त्याचा भार मधल्या सांध्यावर येतो. सांधा मजबूत करायला आतून सांगाडा घालावा लागतो. सांगाडा घातला की चालकाच्या खुर्चीला जागा उरत नाही आणि पुन्हा सगळे उकलावे लागते. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हे कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने मोजून दाखवले. एवढ्या शक्यतांतून एक निवडताना मूल ज्या अडचणींतून जाते, त्याच रचनाकाराच्या अडचणी असतात.

आणि यानच का, तेही जुन्या कल्पनाचित्रांतले? कारण ते वाद घालायला उत्तम आहे. शेपटीला मोठे पर असलेले, गोल खिडक्यांचे, उभे उतरणारे रॉकेट ही १९४०-५० च्या दशकांनी रंगवलेली भविष्याची कल्पना. जर्मनीच्या व्ही-२ अस्त्रावरून ती पुष्कळशी उचललेली होती. व्ही-२ ला पर होते, कारण उड्डाणाच्या सुरुवातीला आणि शेवटी ते हवेतून जाई. निर्वात अवकाशात त्याच परांचा काही उपयोग नाही. मग चित्रकारांनी ते तसेच का ठेवले? यान उतरताना हवेतून येणार असेल तर? चंद्रावर हवाच नाही, तिथे काय? सातवीतल्या मुलामुलींनी असा प्रश्न हाताने जोडून, मोडून सोडवावा, यासारखा विज्ञानाचा तास नाही. मराठीला ही कल्पना परकीही नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, जयंत नारळीकरांनी मराठीतल्या विज्ञानकथेला खऱ्या खगोलशास्त्राची बैठक दिली. आपल्या अंतराळ कार्यक्रमाचा जुना काळ तर ठोकळ्यांतून उभारण्यासाठीच असावा इतका चित्रमय आहे. १९६० च्या दशकात थुंबाच्या प्रक्षेपण तळावर रॉकेटचा भाग सायकलवरून नेला गेला. १९८१ मध्ये ‘ॲपल’ उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी भोवती धातू नसलेल्या ठिकाणी घ्यायची होती, म्हणून तो बैलगाडीवर ठेवला गेला. उपग्रहाखाली बैलगाडी का आहे, हे ज्या मुलाला ती गाडी ठोकळ्यांत बांधताना कळेल, ते मूल बैलगाडीवरच्या उपग्रहाचा फोटो गरिबीची खूण म्हणून पाहणार नाही. त्याला त्यात एका अभियांत्रिकी अडचणीचे नेटके उत्तर दिसेल.

ढाणकी हे उमरखेड तालुक्यातले, पैनगंगेच्या खोऱ्यातले, विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेजवळचे नगरपंचायतीचे गाव. आसपास कापूस, सोयाबीन, हळद, ऊस. अशा गावात अंतराळयाने कशाला, असे वाटणे शक्य आहे. पण मुलाच्या खेळण्याला भर गावात मान देण्याची रीत या प्रांताला नव्याने शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून आणतात, मोठी माणसे ते निरखून पाहतात, सजावटीला बक्षिसे लागतात, घरोघरी बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळतात. ज्या बैलावर शेतकऱ्याचे अख्खे वर्ष उभे असते त्याची लहान प्रतिकृती मुलाच्या हाती देऊन समाज तिच्याकडे गांभीर्याने पाहतो, हे या सणाचे मोठेपण. ठोकळ्यांच्या यानालाही असेच गांभीर्याने पाहणारे डोळे हवेत. घराच्या कोपऱ्यात बांधलेले आणि झोपण्याआधी मोडलेले यान कुणी पाहत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी प्रश्नही विचारत नाही. “हा पंख असा का?” असे विचारणारे कुणी भेटले की बांधणाऱ्याला कारण द्यावे लागते. कारण देता देता विचार पक्का होतो.

पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. परदेशी खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. नामांकित संच सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहेत. मात्र ठोकळ्याचा आकार आज कुणा एकाच्या मालकीचा नाही. खुंटी आणि नळीच्या जोडणीचे पेटंट १९५८ चे, ते केव्हाच संपले. त्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगण्याचा लेगोचा दावाही युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला, कारण तो आकार तांत्रिक गरजेतून आलेला आहे. म्हणून जुळणारे ठोकळे कुणीही बनवू शकते. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेवढे पाहून घेतले की पुरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठोकळा वापरून संपत नाही. १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. वाचून झालेले पुस्तक जसे दुसऱ्याच्या कामी येते, तसे मोडलेल्या यानाचे तुकडे पुढच्या मुलाच्या यानात जातात. अशी वस्तू एका घराने एका मुलासाठी घ्यावी हीच मुळात उधळपट्टी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि त्याखाली ‘अ’ ते ‘ड’ वर्गांची हजारो वाचनालये गावोगाव चालतात. त्यातल्या अनेकांच्या बालविभागात मुले फिरकत नाहीत, ही त्यांचे चालकच मांडत असलेली तक्रार आहे. दोन-तीन हजार सुट्या तुकड्यांची एक पेटी तिथे आली, तर दहा वर्षांत ती किती हातांखालून जाईल, याचा विचार करा.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो: विकतचे प्लास्टिक कशाला, हाताशी असेल त्यातून करा. हे सांगण्याचा सर्वाधिक अधिकार अरविंद गुप्तांना आहे. आयआयटीतून शिकलेल्या या माणसाने काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बांधायला शिकवले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊतून खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या काड्यांच्या त्रिकोणाने जेवढे भूमितीचे ज्ञान फुकटात दिले, तेवढे कुठल्याही संचाने दिले नसेल. म्हणून ठोकळ्यांच्या पेटीशेजारी काड्या, नळ्या, पुठ्ठा आणि माती असावीच. पण टाकाऊ वस्तूंतून केलेले खेळणे बहुधा एकदाच होते: चिकटवले, कापले की मागे फिरता येत नाही. चूक करून, उकलून, त्याच तुकड्यांनी लगेच दुसरा मार्ग धरायचा तर अचूक मापाचे, पुन्हापुन्हा जुळणारे तुकडे लागतात. चुकीची किंमत शून्यावर आणणे ही ठोकळ्याची खरी देणगी आहे. शिवाय कमी साधनांत शिकण्याचे कौतुक नेहमी खेड्यातल्या मुलांच्याच वाट्याला का यावे, हाही प्रश्न आहे. पुण्यातल्या मुलाला दोन्ही मिळतात. ढाणकीतल्या मुलीलाही दोन्ही मिळावीत.

प्लास्टिकबद्दलची धास्ती रास्त आहे. समुद्रात पडलेला लेगोचा ठोकळा शंभर ते तेराशे वर्षे टिकू शकेल, असा अंदाज ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. त्यामुळे महिन्याभरात फेकला जाणारा संच विकत घेऊ नये, हे मला मान्य आहे. जी वस्तू इतकी टिकते ती निदान दोन पिढ्यांनी वापरावी, आणि त्यासाठी ती सार्वजनिक असावी. परदेशातून येणारे सत्तर-ऐंशीच्या दशकातले जुने तुकडे मात्र पेटीत नकोत. त्या काळच्या काही रंगांत कॅडमियम आणि शिसे सापडले आहे.

परीक्षेत याचा काय उपयोग, असे पालक विचारतील. अमेरिकेत वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बालवाडीतल्या ठोकळ्यांच्या खेळातले कौशल्य आणि पुढची गणितातली प्रगती यांचा संबंध तपासला. तिसरी-पाचवीत तो दिसला नाही, सातवीपासून पुढे दिसू लागला. गट लहान होता आणि संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, म्हणून यावरून गुणांची हमी कुणी देऊ नये. मीही देत नाही. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत आणि एकेका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. चांगली योजना आहे. पण स्वतः काही रचून पाहण्याची सवय सहावीआधी लागली नसेल, तर त्या प्रयोगशाळेतही मुले तयार प्रकल्पच जोडत बसतात. शाळेला शिक्षक, पाणी, स्वच्छतागृह आधी हवे, हे तर निर्विवाद. त्या मागण्या लावून धरताना वाचनालयातली एक पेटी आड येत नाही.

तेव्हा ढाणकीच्या आणि उमरखेड तालुक्यातल्या वाचनालयांच्या चालकांना, नगरपंचायतीला आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती: पुढच्या उन्हाळी सुटीआधी सुट्या ठोकळ्यांची एक पेटी घ्या. संच घेऊ नका. घेतलाच तर पुस्तिका आणि खोक्यावरचे चित्र बाजूला काढून ठेवा. पेटी मुलांइतकीच मुलींची आहे, हे पहिल्या दिवशी सांगा. बांधलेले यान आठवडाभर काचेच्या कपाटात राहू द्या, शेजारी बांधणाऱ्याचे नाव आणि ते तसे का बांधले याच्या चार ओळी त्याच्याच अक्षरात लावा. आठवडा झाला की ते मोडून तुकडे पेटीत परत टाका आणि पेटी पुढच्या मुलीच्या हाती द्या.