गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांपासून काही लपवू नका

नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेणाऱ्या सर्वांना, त्यांच्या घरच्यांना आणि डिसेंबरात त्यांच्यासोबत गोव्याला निघणाऱ्या मित्रमंडळींना हे आवाहन आहे.

एलएसडी, एमडीएमए आणि मॅजिक मशरूममधलं सायलोसायबिन यांवर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने बंदी आहे. हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही ती घेतली जातात, म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे.

मित्रांत एक सल्ला हमखास मिळतो: "आठवडाभर गोळी बंद कर, मग चढेल." त्यात अर्धं सत्य आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन ही औषधं चालू असताना एलएसडी किंवा मशरूमचा अंमल बऱ्याच जणांना फिका वाटतो. मग कुणी तासाभरात दुसरा डोस घेतो, कुणी आधीच गोळ्या सोडतो. दुसऱ्या प्रकाराची मला जास्त धास्ती वाटते. पॅरॉक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सीन एकदम थांबवलं की दोनचार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आणि महत्प्रयासाने ताब्यात आलेला आजार पुन्हा डोकं वर काढतो. उलट फ्लुऑक्सेटीन शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं. तिथे आठवड्याच्या खाड्याने काहीच साधत नाही.

सगळ्या जोड्यांचा धोका सारखा नाही, हेही सांगायला हवं. मशरूम आणि एस्सिटालोप्राम यांच्यापेक्षा एमडीएमएचं प्रकरण फार गंभीर आहे, कारण ते मेंदूतल्या पेशींतून सेरोटोनिन हे रसायन अक्षरशः बाहेर ढकलतं. त्याच वेळी सेरोटोनिनचा निचरा करणारं एमएओ हे एन्झाइम दुसऱ्या औषधाने बंद पाडलेलं असेल, तर जीव जाऊ शकतो. असे मृत्यू झालेले आहेत. ते एन्झाइम अडवणारी नैराश्याची औषधं आपल्याकडे क्वचितच लिहून दिली जातात. पण औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिलं जाणारं लिनेझोलिडही तेच एन्झाइम अडवतं. आयाहुआस्काच्या काढ्यातली वेलही तेच करते, त्यामुळे "झाडपाल्याचं आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल यांनीही सेरोटोनिनमध्ये भर पडते. आपल्याकडे 'एमडी' म्हणून विकलं जाणारं मेफेड्रोन एमडीएमएहून वेगळं आहे, मात्र सेरोटोनिन वाढवण्यात तेही मागे नाही. लिथियम घेणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. त्यावर एलएसडी किंवा मशरूम घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत.

"ऑस्ट्रेलियात तर डॉक्टरच देतात," असंही ऐकवलं जातं. खरं आहे. जुलै २०२३ पासून तिथे अधिकृत परवानगी असलेले मोजके मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक रुग्णांना एमडीएमए किंवा सायलोसायबिन देऊ शकतात. तिथे रुग्ण आधी तपासला जातो, चालू औषधं कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतात, आणि समोर काय आहे ते नक्की माहीत असतं. कुणाच्या तरी पाकिटातून आलेल्या गोळीबद्दल यातलं एकही सांगता येत नाही.

सोबतच्यांनी सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढल्याची लक्षणं ओळखायला शिकावं. काही तासांतच माणूस अस्वस्थ होतो, घामाने निथळतो, थरथरतो, जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात. डॉक्टर घोट्यापाशी पाऊल झटकन वर ढकलून धरतात, तेव्हा ते आपोआप थडथडत राहतं. मग अंग तापायला लागतं. हा ताप स्नायू आखडल्यामुळे चढतो, म्हणून पॅरासिटामॉलने उतरत नाही. "झोपला की बरा होईल" म्हणत खोलीत निजवू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार ठेवा, एकटं सोडू नका. गोळ्यांची स्ट्रिप, रिकामी का असेना, सोबत न्या आणि काय घेतलं, किती वाजता घेतलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोलिसांच्या भीतीने गप्प राहिलात, तर डॉक्टर डेंग्यू-मलेरियाच्या मागे लागतात आणि मोलाचा वेळ जातो.

औषध दुकानदारांनाही विनंती, की या गोळ्या नेणाऱ्याने खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल मागितलं तर दोन प्रश्न विचारा. डॉक्टर बंधूभगिनींनो, पेशंटला नशेबद्दल विचारताना कपाळाला आठ्या घालू नका. एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी तो खरं सांगणार नाही.

आणि जे गोळ्या घेत आहेत त्यांनी त्या चालू ठेवाव्यात. बंद करावंसं वाटत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लगेच भेट मिळत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मोफत आणि मराठीत बोलता येतं.