आडनाव म्हणजे पुरावा नव्हे

पूर्वजांचा माग काढत अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आयर्लंडला जाणारी माणसं मला आवडतात. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात तिथे बटाट्याचं पीक सडलं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. जाताना सोबत न्यायला होतं काय? एक आडनाव! म्हणून नातवंडं-पतवंडं तिथूनच शोध सुरू करतात. माझं म्हणणं एवढंच की शोध तिथे सुरू व्हावा, तिथेच संपू नये.

आयरिश आडनावात 'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. ओब्रायन हे नाव ब्रायन बोरू या राजावरून आलं. हा राजा १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला. इथवर सगळं सरळ वाटतं. पण इंग्रजी अंमलात आडनावं इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली आणि अनेकांचा 'ओ' गळून पडला. 'मॅक गावन' म्हणजे लोहाराचा मुलगा, त्यातले कित्येकजण चक्क 'स्मिथ' झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक अस्मिता जागी झाली, तेव्हा काहींनी 'ओ' परत चिकटवला. आता बोला!

उत्तर आयर्लंडमध्ये तर आडनावावरून माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट याचा अंदाज बांधायची खोडच. टेरेन्स ओनील १९६३ ते १९६९ तिथले पंतप्रधान होते. आडनाव जुन्या गेलिक राजघराण्याचं, पण स्वतः ब्रिटनशी निष्ठा राखणाऱ्या युनियनिस्ट पक्षाचे नेते. त्यांचं घराणं मूळचं चिचेस्टर. १८५५ साली इस्टेट वारशाने मिळाली, तिच्यासोबत आडनावही घेतलं. उलट ब्रिटिश सत्तेला कडवा विरोध करणाऱ्या जेरी अ‍ॅडम्स यांचं आडनाव अगदी इंग्रजी. अंदाज दोन्हीकडे साफ चुकतो.

मग खरा पुरावा कुठे? कागदात. पण ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स'मधलं सरकारी दप्तर जळून खाक झालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. उरलेल्यात मोठा आधार म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ यांची जमीन-मोजणी (१८४७ ते १८६४). कर बसवण्यासाठी कोणाकडे कुठली जमीन आणि घर, याची ही नोंद. ग्रिफिथ सिव्हिल इंजिनिअर आणि भूगर्भशास्त्रज्ञ, हे सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला कंटाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं!

१९०१ आणि १९११ च्या जनगणना मात्र शाबूत आहेत आणि इंटरनेटवर फुकट बघता येतात. १९११ च्या फॉर्ममध्ये लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली आणि हयात किती, असे रकाने आहेत. जन्मली आठ, हयात पाच, अशी एखादी ओळ वाचली की त्या घरातल्या बाईचं आयुष्य समोर येतं. ते आडनावातून कधीच कळत नाही. आडनावाचं राजचिन्ह छापलेले मग दुकानात मिळतात, पण असं चिन्ह मुळात एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेलं असतं. त्या आडनावाच्या सगळ्यांचं ते नसतं.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर. आडनाव मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं, वडिलांचं मूळ गाव तेच. पण आई वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगारव्हनची, आणि स्वतः ते जन्मले डब्लिनला. आडनाव बघून अर्धा माणूस गायबच होतो.

हिशेब आपल्याला येतोच. चार पिढ्या मागे गेलं की दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळा पूर्वज. त्यातल्या जेमतेम एकाचं आडनाव आपण लावतो. उरलेल्या पंधरांचं काय?

होस्टेलवर नवीन पोरगा बॅग टेकवतो न टेकवतो तोच आपण विचारतो, "पूर्ण नाव काय रे?" तो आडनाव सांगेपर्यंत आपला चेहरा थांबलेला असतो. मग जातीचा अंदाज, मग रूमपार्टनर कोण चालेल याची कुजबुज. सोळातल्या एका रीडिंगवर निष्कर्ष काढला तर लॅबमध्ये सर जर्नल परत करतात. माणसाच्या बाबतीत मात्र तेवढं आपल्याला पुरतं. यंदा नव्या पोरांना आधी गाव विचारू, मेसचं जेवण आवडलं का ते विचारू. आडनाव कधीतरी कळेलच.