पडणं कापून देऊ नका

"अरे, एवढी लहान मुलं अख्खा सिनेमा बघत नाहीत. रील दाखव," ताई म्हणाली. मीही मुकाट्याने सहा वर्षांच्या भाचीला चॅप्लिनच्या क्लिपा दाखवल्या. माणूस पडला, पोलीस पडला, कुणाच्या तरी ढुंगणावर लाथ बसली. ती खिदळली आणि अंगठ्याने पुढे सरकली. संध्याकाळी सोसायटीत एक मुलगा सायकलवरून पडला, तेव्हाही ती तश्शीच खिदळली आणि पुढे पळाली. मुलं हसतातच, मान्य. पण दिवसभर तिला हेच शिकवणारा मी होतो, ते मला बोचलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बोटाला थांबायचं कारणच उरू नये, यावर आमच्या धंद्यात केवढं डोकं खर्च होतं ते मला माहीत आहे. त्यामुळे "हल्लीच्या मुलांना धीर नाही" हे रडगाणं मला पटत नाही. थांबायला जागा आपणच ठेवत नाही आणि खापर मुलांवर फोडतो.

पुढच्या रविवारी टीव्हीवर 'द किड' लावला. १९२१चा, साधारण तासाभराचा, मूक. मधल्या पाट्या मी मराठीत वाचून दाखवत होतो. पोरगं दगड मारून काचा फोडतं आणि मागून चार्ली नव्या काचा पाठीवर घेऊन साळसूदपणे येतो, तिथे ती हसून हसून सोफ्यावरून घसरली. मग अनाथालयाची गाडी येते. छोटा जॅकी कूगन हात पसरून रडतो, चार्ली छपरांवरून धावत सुटतो. धावणं तसंच वेंधळं, पण ती हसेना. माझा हात धरून म्हणाली, "मामा, पोचेल ना तो?"

माझं भांडण एवढ्याचसाठी आहे. क्लिपमध्ये पडणारा माणूस आपला कुणीच नसतो. 'द गोल्ड रश'मधला (१९२५) बूट खाण्याचा प्रसंग कापून दाखवला तर तो नुसता येडेपणा वाटतो. बर्फात अडकलेल्या माणसाची भूक आधी कळली असेल, तर तो बुटाचे खिळे हाडकांसारखे चोखतो तेव्हा हसू जास्तच येतं, आणि घशात काहीतरी अडकतंही.

"जुन्या सिनेमांत नको ते असतं" हा आक्षेप खरा आहे. बस्टर कीटनच्या 'सेव्हन चान्सेस'मध्ये (१९२५) एक गोरा नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय नोकर झालाय. यावर का हसायचं नाही, हे सांगायला शेजारी मोठं माणूसच लागतं. मुलाच्या हातात फोन देऊन आपण नेमकं तिथूनच उठून जातो.

तेव्हा घरातल्या, शेजारच्या एखाद्या पोराला घेऊन बसा. एक तास लागेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचासुद्धा. मधेच ते कंटाळेल, पाणी मागेल, शंभर प्रश्न विचारेल. विचारू द्या. "पोचेल ना तो?" हा प्रश्न आमच्याकडे चाळिसाव्या मिनिटाच्या पुढे आला होता.